आठवड्यातून दोनदा नागपूर? आधी खेपा मोजू

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही समजेल. मुलगी सात वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांवर, एका कोपरावर आणि डाव्या डोळ्याच्या कडेला पांढरे डाग आहेत. नागपुरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कोड सांगितलं आणि मशीनचे, म्हणजे अतिनील किरणांचे शेक घ्यायला आठवड्यातून दोनदा बोलावलं. तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीचे, घरी धानाची शेती, आणि मुलीची आजी अंथरुणाला खिळलेली. चार वेळा आलात, पाचव्यांदा जमलं नाही. आता विचारता आहात की एवढ्या लांबून हे होण्यासारखं आहे का, आणि सोडून दिलं तर पोरीचं नुकसान होईल का.

मी शिकले नागपूरच्या 'मेडिकल'ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि गेली 25 वर्षं इथंच त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. सरळ उत्तर आधी देते. आठवड्यातून दोनदा आरमोरी-नागपूर होणार नाही, आणि होत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. कोडानं जिवाला धोका नाही, दुखणं नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. दोन महिने शेक चुकले म्हणून मुलीचं कायमचं काही बिघडत नाही. पण 'मग राहू द्या' असंही म्हणू नका. लहान मुलांच्या डागांत रंग मोठ्यांपेक्षा बरा भरतो, चेहऱ्यावर तर नक्कीच. डोळ्याच्या कडेचा डाग आज जितका ऐकेल तितका दहा वर्षांनी ऐकेलच असं नाही.

आता हिशेब करू. या शेकांचा उपयोग होतोय की नाही हे कळायलाच किमान तीन महिने लागतात. रंग नीट भरायला सहा महिने ते वर्ष. सहा महिनेच धरा. महिन्याचे चार आठवडे आणि आठवड्याला दोन म्हणजे 48 खेपा. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असं करत येऊन-जाऊन 300 किलोमीटरच्या आतबाहेर होतात. 48 खेपांचे झाले 14,400. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आणि मशीनसमोर मुलगी उभी राहते किती वेळ? सुरुवातीला काही सेकंद, पुढं वाढवत वाढवत दोन-चार मिनिटं.

ज्यांनी हे लिहून दिलं त्यांनी चुकीचं काही लिहिलेलं नाही. पुस्तकात आठवड्यातून दोन ते तीन वेळाच लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्यानं मशीन आणि मुलगी एकाच गावात आहेत असं धरलंय, एवढंच. केसपेपरवर पत्त्याचा रकाना असतो. तो खिडकीवर भरला जातो आणि पुढं कोणी वाचत नाही. मीही कित्येक वर्षं वाचत नव्हते. 'सात दिवसांनी दाखवा' हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की नागपुरातल्याच धरमपेठच्या पेशंटला आणि गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या पेशंटला मी एकच ओळ लिहायची. आता वय वाचायच्या आधी गाव वाचते.

किलोमीटर मोजून या गोष्टीचा अंदाज येत नाही. मोजायच्या त्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला घरातलं कोण निघतं ते. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलांना आधीपासूनच अर्धं. म्हणजे आई आणि लेक मिळून एक तिकीट. बाप घेऊन आला तर दीड. 75 च्या वरच्या आजोबांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट, त्यामुळे आजोबा-नातू अर्ध्या तिकिटात नागपूर पाहून जातात. मला या सवलतींचं कौतुकच आहे. यापूर्वी ज्या बायका दारापर्यंत पोचत नव्हत्या त्या आता पोचतात. पण त्यातून एक वेगळीच अडचण निघाली. आजोबांना विचारलं की डाग कधीपासून, कोणतं मलम लावलं, तर ते म्हणतात, "तिच्या मायले माहीत." आणि आई एकटी आली की महागडं काही सुचवल्यावर म्हणते, "घरी विचारून सांगते." हे विचारून सांगणं म्हणजे आणखी एक खेप. म्हणून आता मी तिथंच नवऱ्याला फोन लावायला सांगते, स्पीकरवर टाकते आणि दोघांशी एकदमच बोलते. पाच मिनिटं जातात, पण 300 किलोमीटर वाचतात.

पूर्व विदर्भात काम करणाऱ्या डॉक्टरला शेतीचं वेळापत्रक पाठ पाहिजे. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी (लावणी) असली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे पेशंट दिसेनासे होतात. रोवणी आटोपली की तेच लोक पायांच्या बोटांत चिखल्या घेऊन येतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलकाठची गावं रिकामी. अशा माणसाला मी '15 दिवसांनी' लिहिलं तर तो येत नाही, आणि तारीख चुकली म्हणून लाजून पुढंही येत नाही. 'पोळ्यानंतर या', 'धान निघालं की या' असं म्हटलं तर बहुतेक येतात.

रस्त्याचंही तसंच. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. ती धावायची कमी आणि रांगायची जास्त, पण स्वस्त होती आणि म्हाताऱ्या माणसाला बाकावर आडवं होता यायचं. ती गेल्यावर त्या बाजूचे माझे सोरायसिसचे दोन-तीन जुने पेशंट जे दिसेनासे झाले ते झालेच. भामरागडकडच्या माणसाला तर अंतर विचारण्यातच अर्थ नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलापलीकडचं सगळं जग सारखंच दूर.

आता सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं ते सांगते. ते बसमध्ये होत नाही. पहिल्यांदा यायच्या आधी आणि दोन खेपांच्या मध्ये होतं.

दोनेक वर्षांपूर्वी कुरखेड्याकडची एक बाई तिच्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला गजकर्ण. मी विचारलं, आधी काय लावलं? तिनं प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. अकरा ट्यूबा. काही पिळून पिळून कागदासारख्या चपट्या झालेल्या. एक तर कात्रीनं शेपटाकडून उभी कापलेली, आतलं मलम बोटानं निपटून घेतलेलं, धातूवर बोटाच्या रेघा तशाच. जवळजवळ सगळी मिसळीची मलमं होती, म्हणजे बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि वर क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून ती खपतात, आणि बुरशी आतून पसरत राहते. मुलाच्या मांडीतला चट्टा कमरेवरून पाठीपर्यंत पोचला होता. जांघेतली कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ, त्यावर कायमचे पांढरे ओरखडे. अशी कडक स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा 2018 पासून नियम आहे. नियमाला आरमोरीचा रस्ता सापडायचा आहे.

मी जरा रागावले असेन. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, नागपूरले येनं म्हनजे हजार रुपये अन् दोन दिवसांची रोजी. ट्यूब शंभराची. मी काय करू सांगा जी." अकरापैकी प्रत्येक वेळी तिचा हिशेब बरोबर होता. अकरा मिळून तो चुकला. पहिली चपटी ट्यूब हातात असताना ती आली असती तर गोळ्या आणि साधं मलम यांवर काही आठवड्यांत सुटली असती. आता कित्येक महिने लागले, आणि ते ओरखडे जाणार नाहीत.

खरजेचंही असंच. घरात सहा माणसं, नागपूरला येतो एक. त्याला पर्मेथ्रिनची एक ट्यूब लिहून दिली की तो घरी जाऊन लावतो, बरा होतो, आणि बाकीच्या पाच जणांकडून तीन आठवड्यांत पुन्हा घेतो. मग म्हणतो, नागपूरच्या डॉक्टरचं औषध लागलं नाही. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागतं, मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, आठवड्यानं पुन्हा एकदा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. म्हणून लांबून आलेल्याला मी विचारते, एका छताखाली किती जण झोपता? तेवढ्या ट्यूबा लिहिते. केमिस्ट चक्रावतो, पण दुसरी खेप लागत नाही.

एक गोष्ट मात्र उलटी आहे, आणि ती कुणी उघड बोलत नाही. काही कुटुंबं लांब मुद्दाम येतात. विशेषतः पांढऱ्या डागांसाठी, आणि मुलगी असेल तर हमखास. तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीची नर्स, बाकावर शेजारचा पेशंट, आणि संध्याकाळपर्यंत गावभर. नागपुरात कोणी ओळखत नाही. भंडाऱ्याच्या एका बाईनं मला सरळ सांगितलं होतं की आमच्याकडं डॉक्टर आहे, चांगला आहे, पण त्याची बायको माझ्या नणंदेची मैत्रीण. तुमचंही तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण गडचिरोली तुम्हाला चाळीसेक किलोमीटर असताना तुम्ही दीडशे किलोमीटरवर का आलात हे स्वतःशी एकदा पाहा. कारण ते असेल तर त्याचा मान ठेवूनच आखणी करू.

माझी एक चूकही सांगते. तेव्हा मी नवी होते. सोरायसिसचा एक पेशंट, एटापल्लीच्याही पलीकडचा. त्याला मी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मी चिठ्ठीवर ते इंग्रजीत आणि आखूड लिहिलं, तोंडानं एकदा सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. गावाकडं गोळ्या संपल्यावर ज्यानं पुन्हा दिल्या त्यानं 'रोज एक' सांगितलं. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडात फोड आले. दवाखान्यात यायला दोन बसगाड्या आणि एक मुक्काम, म्हणून त्यानं वाट पाहिली. नवव्या दिवशी आला तेव्हा पाणी गिळता येत नव्हतं आणि रक्तातल्या पेशी खाली गेल्या होत्या. भरती करून उतारा दिला, वाचला. धरमपेठचा पेशंट असता तर पहिल्या फोडालाच माझ्या दारात उभा राहिला असता. चूक माझीच होती, पण अंतरानं ती चार दिवस पिकू दिली. तेव्हापासून मी मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहिते, 'फक्त रविवारी', आणि खाली माझा नंबर. लांबच्या पेशंटला असं औषध द्यायचं तर रक्ततपासणी त्याच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून अहवालाचा फोटो पाठवायला सांगते. तपासणीसाठी नागपूर गाठायची गरज नसते.

बायोप्सीचंही तेच. तुकडा घ्यायला दहा मिनिटं लागतात, टाका काढायला दोन. त्या दोन मिनिटांसाठी माणसाला पुन्हा नागपूर दाखवायचं कशाला? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावानं चार ओळींची चिठ्ठी दिली की तिथल्या सिस्टर टाका काढतात.

आणि हे सगळं आपल्याकडं नवीन आहे असंही नाही. याच मुलखात एका त्वचारोगानं आपलं औषध गावोगावी पोचवून घेतलं आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम 1936 चं, पुढं वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन. तिथं माणसं राहायला यायची, कारण गाव थारा देत नव्हतं. पण आज कुष्ठरोगाच्या औषधाचं पाकीट पाहा. 28 दिवसांचं, मागं दिवसांचे आकडे छापलेले. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, बाकी रोज घरी. सहा महिने किंवा वर्षभर, फुकट, आणि ते जवळच्या आरोग्य केंद्रातच मिळतं. नागपूरचं तोंडही न पाहता माणूस बरा होतो. त्या गोळीला गाव माहीत आहे. कोडाच्या आणि सोरायसिसच्या औषधाला अजून नागपूरच माहीत आहे. कुष्ठरोगासाठी जे जमलं त्याच्या निम्मं जरी इतर त्वचारोगांसाठी झालं असतं तर तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागला नसता. असो, ते तुमच्या-माझ्या हातात नाही.

आता तुमच्या मुलीचं बोलू. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळं हे तुमच्या डॉक्टरांपुढं ठेवायचे मुद्दे समजा.

पहिलं म्हणजे डाग वाढताहेत की थांबलेत? गेल्या तीन महिन्यांत नवा डाग आला का, जुन्याची कड सरकली का, आणि खरचटलं तिथं पांढरं झालं का? वाढत असतील तर आधी ते थांबवावं लागतं, त्यासाठी वेगळं औषध असतं आणि ते डॉक्टरनं समोर बघूनच ठरवायचं. थांबलेले असतील तर तुमच्या हातात वेळ आहे. घाई नाही.

दुसरं, मलम. दोन वर्षांवरच्या मुलांना टॅक्रोलिमसचं 0.03 टक्क्यांचं मलम देतात. ते स्टेरॉइड नाही, डोळ्याजवळच्या नाजूक कातडीला ते पातळ करत नाही. पहिले काही दिवस चुरचुरतं. घाबरून बंद करू नका. डोळ्याच्या कडेच्या डागासाठी माझा भर यावरच असता. गुडघे आणि कोपर मात्र हट्टी जागा आहेत. तिथं कातडी जाड, खाली हाड, आणि पोरं रोज खरचटून घेतात. तिथं सहा महिन्यांत फार दिसलं नाही तरी निराश होऊ नका, आणि तेवढ्यासाठी कर्ज तर अजिबात काढू नका.

तिसरं म्हणजे शेकांचं काय. शेक बंद करा असं मी म्हणणार नाही, शेक घरी आणा म्हणेन. याच किरणांचं हातात धरायचं छोटं मशीन मिळतं, मोठ्या कंगव्याएवढं. मोजकेच डाग असतील तर ते पुरतं. काही हजार रुपये लागतात. 48 खेपांचं भाडं आणि बुडालेली रोजी त्याच्या शेजारी मांडून बघा. पण ते ऑनलाइन मागवून आपल्या मनानं सुरू करायचं नाही. आधी दवाखान्यात दोन-तीन वेळा समोर बसून शिकायचं. सुरुवात किती सेकंदांनी, वाढवायचं कधी, डोळ्यांवर चष्मा कसा, आणि कातडी लाल होऊन दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर किती मागं यायचं. वहीत तारीख आणि सेकंद लिहून ठेवा. डोळ्याच्या कडेला हे मशीन वापरायचं की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मग नागपूरच्या खेपा 48 वरून पाच-सहावर येतील.

मशीन घेणं जमत नसेल तर गडचिरोलीला चौकशी करा. तिथं आता वैद्यकीय महाविद्यालय झालंय, 2024 मध्ये. चंद्रपूरचं 2015 पासून आहे आणि गोंदियाचं 2016 पासून. जाण्याआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: त्वचारोग विभागात शेकाचं मशीन आहे का, ते चालू आहे का, आणि कोणत्या दिवशी. 'आहे' आणि 'चालू आहे' यांत किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आणि एक इशारा. आपल्याकडं बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात. बावचीत किरणांना कातडी हळवी करणारा गुण खरोखरच आहे, म्हणून तर ते जुनं औषध. पण विदर्भातलं ऊन आणि पांढरा डाग यांच्यात कुठलंच छत्र नसतं. दर उन्हाळ्यात मी भाजून फोड आलेली दोन-तीन मुलं पाहते. सकाळचं कोवळं ऊन पाच-सात मिनिटं, तेही डॉक्टरांना विचारून, एवढंच ठीक.

फोटोवर उपचार होतील का, असंही तुम्ही विचारलंय. पहिल्या वेळी नाही. सगळे पांढरे डाग कोड नसतात. मुलांच्या गालावर कोरडे फिके चट्टे येतात, लोक त्यांना जंत किंवा कॅल्शियमची कमी म्हणतात, ते आपोआप जातात. शिबं असतं. आणि कुष्ठरोगाचा चट्टाही फिकट असतो, पण दुधासारखा पांढरा नसतो आणि तिथं स्पर्श कमी कळतो. बधिरपणाचा फोटो निघत नाही. म्हणून पहिली भेट समोरासमोर हवी, आणि तुमची ती झालेली आहे. पुढच्या भेटींपैकी निम्म्याहून जास्त फोनवर होऊ शकतात. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली काढली, तेव्हापासून हे रीतसर आहे. गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातून (आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) ई-संजीवनी या सरकारी फोन-व्हिडिओ सेवेवरही डॉक्टरांशी बोलता येतं, तिथल्या सीएचओला, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला विचारा. माझं मत विचाराल तर ज्यांनी मुलीला एकदा हात लावून पाहिलंय त्यांच्याशीच फोनवर जोडून घेणं जास्त उपयोगाचं.

फोटो मात्र नीट काढा. मला येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली काढलेले असतात, त्यात कोड आणि हळद सारखीच दिसते. सकाळी दाराशी या, ऊन थेट अंगावर नको. मलम पुसून टाका. फ्लॅश बंद, आणि चेहरा गोरा करणारं ते फिल्टर तर आधी बंद. एक फोटो हातभर अंतरावरून, म्हणजे डाग शरीरावर कुठं आहे ते कळेल, आणि एक जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून. दर महिन्याला तीच जागा, तीच वेळ, तेच नाणं. मग डाग आकसला की वाढला यावर वाद राहत नाही.

कोडासाठी हे सगळं सावकाश चालतं. पण काही गोष्टींत फोन, फोटो, 'रोवणीनंतर' असलं काही चालत नाही. नवं औषध सुरू केल्यावर, विशेषतः फिट्सच्या किंवा सल्फाच्या गोळ्यांनंतर, ताप येऊन कातडी दुखायला लागली, तोंड-डोळे सोलवटले, फोड आले तर ते औषध तिथंच थांबवायचं, 108 ला फोन करायचा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. तान्ह्या बाळाच्या अंगावर फोड आले तरी तेच. कुष्ठरोगाच्या पेशंटचं पाऊल अचानक लुळं पडलं किंवा डोळा मिटेना झाला तर दिवस मोजायचे असतात, आठवडे नाही.

शेवटी पुढच्या भेटीचं. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "आम्ही आरमोरीहून आलो, दोन महिन्यांतून एकदाच जमेल, त्यात बसेल असं काय करता येईल?" लोक हे वाक्य उठून, पडद्याला हात लावून, जाता जाता म्हणतात. तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, रिकाम्याही. पहिल्या गाडीनं निघा, म्हणजे त्याच दिवशी परतता येईल. मेडिकलला जायचं असेल तर गणेशपेठच्या बस स्टँडपर्यंत जाऊन उलट यायची गरज नाही. उमरेड रोडची गाडी दिघोरीवरून शहरात शिरते, कंडक्टरला सांगून सक्करदऱ्याच्या बाजूला उतरा आणि तिथून ऑटो करा. तोपर्यंत डोळ्याच्या कडेच्या डागाचे दोन फोटो काढून ठेवा, एक आज, एक महिन्यानं.